पाचवी पाकळी

माझ्या धाकट्या भावाला, हिकोजिरोला, फुलांचा चितारी म्हणून एदो शहरातली सारी शिताया पेठ ओळखते. मला कुणी ओळखत नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच्या चित्रातलं जे पांढरं बघून लोक माना डोलावतात, ते माझ्या मनगटातून निघालेलं असतं, हे मी सांगणारच. शिंपल्यांची पूड बारीक खलायची, तिच्यात सरस घालायचा, कणकेसारखा गोळा मळायचा आणि तो बशीत शंभर वेळा आपटायचा. नव्व्याण्णव नाही, शंभर. सरस बेताचा पडला आणि हाताने आळस केला नाही, तर ते पांढरं नातवंडांच्या काळापर्यंत रेशमाला सोडत नाही. नवरा गेला त्या वर्षी मी हिकोकडे राहायला आले, त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. मूलबाळ नाही. राग आला की आपटायला गोळा आहे, तेवढं मला पुरतं.

हिको स्वभावाने गाय, पण एका बाबतीत महाहट्टी. फूल डोळ्यांसमोर असल्याशिवाय हा कुंचला उचलत नाही. एकदा एका सरदाराच्या घरून भर थंडीत कमळाचं चित्र मागायला माणूस आला. याने त्याला चहा पाजला, मुळ्याचं लोणचं खायला घातलं आणि सांगितलं, की सहा महिन्यांनी या. मी आत कपाळाला हात लावून बसले. पण खरं सांगायचं तर त्याचं नाव झालं ते या हट्टापायीच. हिकोजिरोने काढलंय म्हणजे ते फूल कुठेतरी उमललेलं आहे, असं लोक डोळे मिटून मानत.

त्या काळात गारवेलीचं वेड साऱ्या एदोला लागलं होतं. साध्या निळ्या गारवेलीला कुत्रंही विचारत नव्हतं. फूल जितकं विचित्र तितका त्याचा मान. फाटक्या पाकळ्यांचं, नळीसारख्या पाकळ्यांचं, फुलात फूल आलेलं. दर उन्हाळ्यात आमच्या गल्लीच्या टोकाच्या मठात स्पर्धा भरायची आणि मग सुमो पैलवानांची लावतात तशी फुलांची क्रमवारी छापून निघायची. तिच्यात आपलं फूल वर यावं म्हणून शहाणीसुरती माणसं पहाटे उठून कुंड्यांसमोर हात जोडून बसत.

आमच्या शेजारचे कुझुमीसाहेब त्यातलेच. किल्ल्याच्या फाटकावर पहारा देणारे सामुराई. कमरेला दोन तलवारी, आणि घरात उंदराला पुरेल एवढा तांदूळ. अंगणात मात्र दोनशे कुंड्या. या विचित्र वेलींची एक खोड असते, की त्यांना बी धरत नाही. एकदा फुलून गेली की वंश संपला. म्हणून जाणती माणसं तिच्याच बरोबर उगवलेल्या तिच्या साध्यासुध्या बहिणींचं बी राखून ठेवतात. त्यातून पुढच्या वर्षी पन्नासात एखादी तशी निघाली तर निघाली. कुझुमीसाहेब मला एकदा म्हणाले, "ओशिगेबाई, सगळा मान फुलाला मिळतो, पण घर चालतं ते बहिणीवर." मी म्हटलं, हे माझ्या भावाला सांगा.

तर त्या साली त्यांच्या एका वेलीला कळी धरली, आणि ती उमलायची नेमकी त्याच दिवशी त्यांचा पहारा आला. जाताना हिकोला सांगून गेले, की माझ्या वाटचं तूच बघ आणि काढून ठेव. हिको अंधार असतानाच त्यांच्या अंगणात जाऊन बसला. मी रंगांच्या बश्या पोचवल्या तेव्हा कळी घट्ट मिटलेली होती. पांढरं तयार नव्हतं, म्हणून मी घरी परतले आणि गोळा आपटायला घेतला. शंभर आपटून होईपर्यंत ऊन अंगणात आलं. पांढरं घेऊन धावत गेले तर फुलाने मान टाकलेली. भिजलेल्या कागदाची सुरळी असावी तसं दिसत होतं. हिकोने माझ्या हातातून बशी घेतली, शेवटच्या पांढऱ्या कडा भरल्या आणि कुंचला खाली ठेवला.

चित्र मात्र असं झालं होतं की मी वाकून पाकळ्या मोजायलाच लागले. सात फाटक्या पाकळ्या, आभाळाच्या रंगाच्या, कडेला पांढऱ्या. आणि वरून मोजत आलं तर पाचवी पाकळी अर्धी हिरवी. पान चिकटावं तशी हिरवी. मी विचारलं, हे काय. तो म्हणाला, तशीच होती. मी बश्या उचलल्या आणि धुवायला नेल्या. पहाटे बश्या मांडताना हिरव्याची बशी रेशमाच्या वरूनच नेली होती का, ते मला आठवत नव्हतं. तेव्हा मी त्याचा विचारही केला नाही.

त्या रात्री वादळ झालं. शेजारचं कुंपण पडलं ते नेमकं त्या कुंडीवर. कुझुमीसाहेब पहाऱ्यावरून आले आणि मातीत हात घालून बसले. फूल पाहिलं होतं ते जगात एकट्या हिकोने.

तीन दिवसांनी मठात स्पर्धा होती. स्पर्धेआधी फूल गेलं तर त्याच्या जागी त्याचं चित्र ठेवायची रीत होती, म्हणून कुझुमीसाहेबांच्या रिकाम्या चौरंगावर हिकोचं चित्र ठेवलं. परीक्षकांमध्ये मुख्य होते गेनसाई गुरुजी. मोठ्या घराण्याचे चितारी, पाच-पन्नास शिष्य. शिवाय त्या वर्षीच्या उत्तम फुलांच्या चित्रांचं पुस्तकही तेच काढणार होते. ते चित्राजवळ आले, वाकले, पाचव्या पाकळीपाशी थबकले आणि हसायला लागले.

"हिकोजिरो," ते म्हणाले, "ताईंच्या बशीतून थेंब पडला वाटतं."

सगळा मठ हसला. मी मागे चहाच्या किटल्यांजवळ बसले होते, आणि माझे कान तापले. हिको म्हणाला, की थेंब नाही, पाकळीच हिरवी होती. गुरुजी म्हणाले, की चाळीस वर्षांत गारवेलीला अर्धी हिरवी पाकळी मी पाहिली नाही आणि इथे कुणी पाहिली नाही. मग त्यांनी मोठ्या मनाने सांगितलं, की चित्र सुरेख आहे, त्या डागावर थोडा निळा फिरव, पुस्तकात पहिल्या पानावर घेतो. आणि नाही फिरवलास तर नसलेल्या फुलांचा चितारी म्हणून तुझं नाव होईल, मग कोण तुला आपल्या कुंडीसमोर बसू देईल ते बघ.

हिको मान खाली घालून पुन्हा तेच म्हणाला, की पाकळी हिरवी होती.

गुरुजींचं म्हणणं खरं ठरायला आठवडासुद्धा लागला नाही. आधी आमच्या दारात माणसं यायची, उद्या आमची कळी उमलतेय, चितारीबुवांना पाठवा. ती यायची बंद झाली. हिको स्वतःहून गेला तर लोक दारातच सांगायचे, की यंदा काही खास नाही. एकाने तर तोंडावर म्हटलं, आमच्या फुलांना कशाला हिरवे डाग. फुलांचा चितारी, आणि बसायला फूल नाही. हिको आमच्या परसातल्या काकडीच्या वेलीसमोर जाऊन बसायला लागला. काकडीचं फूल चांगलं असतं, मी त्याला नावं ठेवत नाही, पण भावाला तिथे बसलेलं बघून माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता.

मला खरंच वाटत होतं की तो थेंब माझ्याच बशीतून पडला. एकदा मनात आलं आणि मग जाईना. रोज त्या सकाळची मांडणी डोळ्यांसमोर आणायची, बशी इकडे होती की तिकडे. शेवटी एके दिवशी मी हिकोला म्हटलं, "चूक माझी आहे ना, मग तू कशाला झाकतोस? सांग सरळ, की बहिणीने रंग सांडला. म्हातारीच्या हातून रंग सांडला म्हणून कुणी फाशी देत नाही." तो म्हणाला, "ताई, मी ती पाकळी पाहिली." मी म्हटलं, पहाटेचा उजेड तो, काय दिसलं असेल देव जाणे. इतरांनी हसावं याचं त्याला फार लागलं नव्हतं. माझ्या त्या वाक्याचं लागलं. उठला आणि बाहेर निघून गेला.

मग मी जे केलं ते सांगते. चित्र भिंतीशी होतं, लाकडी चौकटीवर ताणलेलं. मी थोडं पांढरं कालवलं आणि त्यात सरस जेमतेम घातला, नावापुरता. माझा बेत पक्का होता. हिरवं झाकायचं, त्यावर पातळ निळा द्यायचा, चित्र गुपचूप गेनसाई गुरुजींकडे पाठवायचं. पुस्तकासाठी ठसा कोरून झाला की चित्र परत येईल, मग ओल्या कापसाने माझा रंग पुसून टाकायचा. हिकोला कळणारही नाही, आणि त्याची वाट मोकळी होईल. कमी सरसाचा रंग पाणी लागलं की निघतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार. पंचवीस वर्षं त्याच्या शेजारी बसून मला कुंचलाही बऱ्यापैकी धरता येतो. पाकळी अशी जमली की मीच चकित झाले. रंग सुकला, वर कागद झाकला, आणि चित्र कुणाबरोबर पाठवावं याचा विचार करत होते, तेवढ्यात दार सरकलं.

हिको, मागे कुझुमीसाहेब, आणि त्यांच्या मागे मठाचे वडील भिक्षू. कुझुमीसाहेब रागाने लालबुंद होते. त्यांनी भर सभेत गेनसाई गुरुजींना सांगितलं होतं, की माझ्याकडे त्या वेलीच्या बहिणींचं बी आहे, पुढच्या उन्हाळ्यात तेच फूल तुमच्या नाकासमोर उमलवून दाखवतो. गुरुजी म्हणाले होते, की खुशाल दाखवा, पण तोवर चित्र मठात बंद राहील, नाहीतर पुढच्या वर्षी जसं फूल येईल तसं चित्र बदलाल. फूल हिरव्या पाकळीचं निघालं तर मी सगळ्यांसमोर माथा टेकीन. नाही निघालं, तर हिकोजिरोने पुन्हा एदोत फूल काढायचं नाही. आणि हिको, माझा शहाणा भाऊ, हो म्हणून आला होता.

माझी पाचावर धारण बसली. मी म्हटलं, चित्र जरा पुसून देते, धूळ बसलीय. हिकोने झाकलेला कागद तसाच ठेवून चौकट भिक्षूंनी आणलेल्या पेटीत ठेवली. "फूल दिसेपर्यंत मला हे बघायचं नाही," म्हणाला. भिक्षूंनी पेटीला दोरी बांधली, गाठीवर कागद चिकटवला, त्यावर शिक्का मारला आणि पेटी बगलेत मारून चालते झाले. मी दारात उभी राहून त्यांना नमस्कार केला. दुसरं काय करणार होते?

ते वर्ष मी कसं काढलं ते माझं मला माहीत. पुढच्या उन्हाळ्यात फूल निळंच निघालं तर भाऊ संपला. हिरवं निघालं तर पेटी उघडणार, आणि आत बसलेली असणार माझी निळी पाकळी. लोक म्हणणार, हिकोजिरोने घाबरून आधीच चित्र बदललं होतं. दोन्हीकडून मरण त्याचंच, आणि एका बाजूचा खड्डा मी माझ्या हाताने खणलेला. सांगून टाकावं असं दहादा मनात आलं. नववर्षाच्या मोचीसाठी चिकट भात कांडताना आलं, हिकोच्या तापात त्याच्या उशाशी बसले होते तेव्हा आलं. तोंड उघडायचे आणि म्हणायचे, भात अजून हवा का.

वसंतात कुझुमीसाहेबांनी बी पेरलं. सेहेचाळीस रोपं आली. जाणत्याला पहिल्या दोन पानांवरूनच कळतं, साधी कोणती आणि वेडी कोणती. वेड्या निघाल्या दोन. एक गोगलगाईने खाल्ली. त्या दिवशी हा दोन तलवारींचा माणूस गोगलगाईमागे असा धावला, की मी वर्षभरात पहिल्यांदा पोट धरून हसले. उरली एक. तिला आम्ही तिघांनी आळीपाळीने राखलं. हिको तिच्यासमोर बसायचा, पण कागद घ्यायचा नाही. नुसता बघायचा.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी पहिली कळी उमलली. सूर्य उगवायच्या आत आम्ही तिघं तिच्याभोवती गुडघे टेकून बसलो होतो. एकेक पाकळी सुटत गेली. फाटक्या, आभाळी, पांढऱ्या कडांच्या. सात. सातही निळ्या. कुझुमीसाहेबांनी तोंड फिरवलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

आता जे सांगते ते सांगायला लाज वाटते, पण खोटं कशाला बोलू. त्या क्षणी मला हायसं वाटलं. थेंबच होता तर. पेटीतलं चित्र खरं ठरेल, माझं पाप उघडं पडणार नाही. एवढंच डोक्यात आलं. मग मी हिकोकडे पाहिलं. तो फुलाकडे बघत नव्हता, खाली पानांत बघत होता. म्हणाला, "अजून एक कळी आहे." ज्या माणसाचं आयुष्य टांगणीला लागलेलं, तो शांतपणे कळ्या मोजत होता. आणि त्याचा आवाज ऐकून मला एकदम कळलं की याने ती पाकळी पाहिलेली आहे. नक्की पाहिलेली आहे. वर्षभर मी त्याच्यावर माया केली, त्याच्यासाठी रडले, पण त्याचं एक वाक्य खरं मानलं नाही. मला माझीच चीड आली.

स्पर्धेच्या दिवशी कुझुमीसाहेबांनी कुंडी छातीशी धरून मठात नेली, बाळ न्यावं तशी. वाटेत कुणाचा धक्का लागू नये म्हणून हिको पुढे आणि मी मागे. मठ खच्चून भरलेला. साऱ्या एदोला पैजेची गोष्ट माहीत झाली होती, मासळीवाल्यांपासून सगळे आलेले. कुंडी चौरंगावर ठेवली, शेजारी शिक्क्याची पेटी. गेनसाई गुरुजी समोर बसले. कळी फुगलेली, घट्ट पिळलेली.

पूर्वेकडे उजाडलं तसा तिचा पीळ सुटायला लागला. एक पाकळी निळी. दुसरी निळी. तिसरी निळी. चौथी सुटताना कुठेतरी अडकली, थरथरली आणि मग उलगडली. अर्धी निळी, अर्धी हिरवी. कोवळ्या पानाची हिरवी.

मागे कुणीतरी हुंकार भरला आणि मग सगळ्या मठातून एकच आवाज उठला. कुझुमीसाहेब जागेवरच रडू लागले, उघड, सामुराई वगैरे विसरून. गेनसाई गुरुजी फुलापाशी सरकले. वरून एकेक पाकळी मोजली. मग म्हणाले, की चित्रात हिरवी पाकळी पाचवी होती, ही चौथी आहे. कुझुमीसाहेब रडतारडताच म्हणाले, "फूल आहे ते गुरुजी, शिपायांची रांग नव्हे." लोक खदखदून हसले. गुरुजींनाही हसू आलं. म्हणाले, उघडा पेटी, दोन्ही शेजारी ठेवा, मग मी माथा टेकतो.

भिक्षूंनी शिक्का फोडला. कागद उचलला. आणि हसू विरलं.

चित्रात हिरवं कुठेच नव्हतं. साती पाकळ्या निळ्या. लोक आधी चित्राकडे, मग फुलाकडे, मग हिकोकडे बघायला लागले. गेनसाई गुरुजींचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल, पण नाही झाला. हळू आवाजात म्हणाले, "फूल खरं निघालं, हिकोजिरो. पण तुझाच त्याच्यावर विश्वास नव्हता. पेटीत घालायच्या आधी तू ते पुसलंस."

हिकोने चित्र पाहिलं. एकच नजर. त्या निळ्याखालचं पांढरं कुणाच्या हातचं आहे हे त्याला जगात सगळ्यांत आधी कळणार. त्याने मान वळवून किटल्यांकडे, माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा गुरुजींकडे वळला आणि जमिनीला हात टेकून म्हणाला, "चित्र माझं आहे. त्यात चूक असेल तर ती माझी."

माझ्या हातातली किटली खाली आपटली. तिथे पुरुषांच्या सभेत बाईमाणसाने पुढे जायची रीत नाही, पण रीत गेली खड्ड्यात. मी माणसं बाजूला सारत गेले. जाताना चहाच्या फडक्याचा कोपरा गरम पाण्यात बुडवला. गुरुजी म्हणाले, "बाई, थांबा." मी थांबले नाही. चित्रासमोर बसले आणि म्हटलं, "हा रंग त्याचा नाही, माझा आहे. गेल्या वर्षी तो घरात नसताना मी चढवला. तुम्ही सगळे हसलात, आणि तुमच्यापेक्षा जास्त मूर्ख मी निघाले, कारण मी त्याची बहीण. तो खरं सांगत होता आणि मी मानलं नाही. आता बघा."

फडकं पाचव्या पाकळीवर ठेवलं. दाबलं नाही, घासलं नाही. दहा श्वास मोजले. कमी सरसाचं ते पांढरं पाणी प्यायलं आणि वरच्या निळ्यासकट सुटलं. फडकं उचललं तसं ते सायीसारखं वर आलं. खालून हिरवं निघालं. हिकोचं हिरवं, बेतशीर सरसाचं, तिळभरही न हललेलं. शेजारच्या कुंडीत तेच हिरवं, अजून दवाने ओलं.

गेनसाई गुरुजी मागे सरले, दोन्ही हात चटईवर ठेवले आणि त्यांनी माथा टेकला. नुसता झुकवला नाही, टेकला. आधी हिकोसमोर. आणि मग माझ्यासमोर. उठून म्हणाले, "ओशिगेबाई, गेल्या वर्षी तुमच्या बशीवर आळ घेतला. तुमच्या बशीतून थेंब सांडत नाही, हे आता एदोला कळलं." मग त्यांनी स्वतःच्या हाताने पहिल्या मानाची पट्टी उचलली आणि कुझुमीसाहेबांच्या कुंडीत रोवली. मठ असा दणाणला की छपरावरचे कावळे उडाले. मासळीवाले तर ओरडायचे थांबेचनात.

त्या वर्षीचं पुस्तक शरदात निघालं आणि पहिल्या पानावर तेच फूल होतं, हिरव्या पाकळीसकट. पण ते नंतर. त्या दिवशी आम्ही घरी आलो ते वाजतगाजत, कुझुमीसाहेब कुंडी घेऊन पुढे, आणि आमच्या दारात संध्याकाळपर्यंत माणसं. माझी उद्या उमलतेय, माझी परवा, चितारीबुवा, आधी माझ्याकडे. काकडीच्या वेलीने सुटकेचा श्वास टाकला असेल.

सगळे गेल्यावर मी हिकोपुढे तोफूची वाटी ठेवली आणि त्याच्या बोलण्याची वाट बघत बसले. वर्षभराचं सगळं त्याने मला सुनावलं असतं तरी मी ऐकून घेतलं असतं. त्याने शांतपणे तोफू संपवला, वाटी खाली ठेवली.

"ताई," तो म्हणाला, "सव्वीस वर्षांत तुझं पांढरं पहिल्यांदाच सुटलं."

"मुद्दाम सरस कमी घातला होता," मी म्हटलं. "नंतर पुसून टाकणार होते."

"कळलं मला. गोळा किती वेळा आपटलास?"

मी आठवून पाहिलं. घाई होती, कान दाराकडे होते. "तीस-पस्तीस वेळा असेल."

"तरीच," तो म्हणाला आणि इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग माझ्याही आलं. आम्ही दोघं म्हातारी भावंडं दार उघडं टाकून तिथे बसून हसत होतो आणि रडत होतो, आणि जाणारे-येणारे बघत होते. बघू देत.

"उद्या तीन घरी जायचंय," डोळे पुसत तो म्हणाला. "पांढरं भरपूर लागेल."

मी उठले, शिंपल्यांची पूड काढली, सरस गरम करायला ठेवला आणि बाह्या सरसावून मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. त्या दिवशी मी गोळा मोजून दोनशे वेळा आपटला.